यूएसबीतून कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कॉम्प्युटरच्या कामासाठी फिरताना तेच ते प्रश्न येतात. पतसंस्थेचे मॅनेजर, जिनिंगवर काटा सांभाळणारे दिवाणजी, सेवा केंद्र चालवणारी पोरं, शाळेतले संगणकाचे सर, सगळ्यांचे. एकाने तर फोन उचलताच सांगितलं, ‘माले काही समजस नही भाऊ, तूच ये.’ दर वेळी येणं जमत नाही, म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर. आज्ञा आणि क्रमांक इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. कॉम्प्युटरवर ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे.

१. ‘सगळ्या यूएसबी बंद करून द्या’ म्हटलं की तुम्ही उलट प्रश्न का विचारता?

कारण खरोखरच सगळ्या बंद केल्या तर माउस, कीबोर्ड, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकनही बंद पडतं, आणि संध्याकाळी परत मलाच फोन येतो. यूएसबी हे नुसतं दार आहे. लावलेली प्रत्येक वस्तू आत येताना आपला वर्ग सांगते: कीबोर्ड-माउसचा वर्ग ०३, कॅमेऱ्याचा ०६, प्रिंटरचा ०७, पेनड्राइव्हचा ०८, स्मार्टकार्डाचा ०बी. त्याशिवाय वस्तूवर दोन चार-चार अक्षरी क्रमांक असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या मॉडेलचा. कोणाला आत घ्यायचं हे कॉम्प्युटर या माहितीवरून ठरवतो.

म्हणून मी तीनच गोष्टी विचारतो. कोणती वस्तू अडवायची? कोणत्या माणसाला अडवायचं? आणि वाचणं अडवायचं की लिहिणं? दहापैकी नऊ जणांना पेनड्राइव्ह अडवायचा असतो, यूएसबी नाही.

२. आमच्याकडे विंडोज होम आहे की प्रो, हे तुम्ही आधी का विचारता?

ग्रुप पॉलिसी एडिटर, म्हणजे नियम लावायची खिडकी, होममध्ये येत नाही, प्रोमध्ये येते. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप केलं की कोणतं आहे ते दिसतं. होम असेल तर प्रश्न ३, प्रो असेल तर प्रश्न ४ वाचा. इंटरनेटवर ‘होममध्ये ग्रुप पॉलिसी टाका’ म्हणून फायली फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

३. होममध्ये पेनड्राइव्ह कसा बंद करायचा?

रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची वही, उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस आणि शेवटी यूएसबीस्टॉर असं उतरत जा. उजवीकडे ‘स्टार्ट’ नावाची नोंद दिसेल. तिची किंमत ३ असते; ती ४ केली की पेनड्राइव्हचा ड्रायव्हर उठत नाही. पुन्हा चालू करायचं तर परत ३. आधी त्या फांदीचं एक्स्पोर्ट काढून ठेवा. रजिस्ट्रीत चुकीच्या जागी बोट पडलं तर मशीन सुरू व्हायलाही नखरे करतं.

आधीच लावलेला पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावल्यावरच फरक दिसतो. दुसरी मेख अशी, की जुन्या विंडोजवर तोवर कधीच न लावलेला पेनड्राइव्ह आला की ड्रायव्हर नव्याने बसायचा आणि ४ चे परत ३ व्हायचे. अजून विंडोज ७ चालवत असाल तर यूएसबीस्टॉरच्या आयएनएफ आणि पीएनएफ या दोन फायलींवरही ‘सिस्टिम’ला आणि युजरला मनाई लावावी लागते. अशी मशीनं आपल्याकडे अजून कमी नाहीत.

आणि हे सगळं तेव्हाच टिकतं, जेव्हा कामाचा युजर अ‍ॅडमिन नसतो. अ‍ॅडमिन असेल तर त्याने ४ चे ३ करायला दोन मिनिटं पुरतात.

४. प्रोमध्ये?

ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, रिमूव्हेबल स्टोरेज अ‍ॅक्सेस. तिथे पेनड्राइव्ह, सीडी, फ्लॉपी, टेप यांच्यासाठी वाचणं आणि लिहिणं वेगवेगळं अडवता येतं; पेनड्राइव्हवरून प्रोग्राम चालवणंही अडवता येतं. हीच यादी युजर कॉन्फिगरेशनमध्येही आहे. कॅशियरला मनाई आणि मॅनेजरला मोकळीक हवी असेल तर ती वापरा. नंतर कमांड प्रॉम्प्टवर ‘जीपीअपडेट’ आणि पुढे तिरकी रेघ देऊन ‘फोर्स’, आणि पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा.

माझं मत विचाराल तर छोट्या ऑफिसला इतकंच पुरतं. प्रश्न ७ मधली कसरत खरोखर गरज असेल तरच.

५. आम्हाला पेनड्राइव्हवरून माहिती घ्यायची असते, पण कोणी आमची माहिती भरून नेऊ नये.

प्रोमध्ये फक्त ‘रिमूव्हेबल डिस्क्स: डिनाय राइट अ‍ॅक्सेस’ चालू करा. होममध्ये रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेटखालच्या ‘कंट्रोल’मध्ये ‘स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज’ ही फांदी बनवा, बहुतेक वेळा ती नसतेच. तिच्यात ‘राइट प्रोटेक्ट’ नावाची डीवर्ड नोंद घालून किंमत १ द्या.

यात एक भोळेपणा आहे. माहिती बाहेर न्यायला पेनड्राइव्हच लागतो असं थोडंच आहे? मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि मोबाईल आहेतच. मोबाईलचं प्रश्न ६ मध्ये.

६. पेनड्राइव्ह बंद केला, तरी मोबाईल केबलने लावला की फायली जातात. कसं काय?

कारण मोबाईल स्वतःला पेनड्राइव्ह म्हणून ओळखच देत नाही. आजचे अँड्रॉइड फोन एमटीपी या पद्धतीने फायली देतात, आणि विंडोज त्यांना ‘पोर्टेबल डिव्हाइस’ मानतं. यूएसबीस्टॉरचा त्यांच्याशी संबंध नाही. प्रश्न ४ मधल्याच यादीत ‘डब्ल्यूपीडी डिव्हाइसेस’ नावाच्या दोन ओळी आहेत, एक वाचायची आणि एक लिहायची. त्या दोन्ही चालू करा. फोन चार्ज होत राहील.

पण त्याच फोनवर यूएसबी टेथरिंग चालू केलं तर तो नेटवर्क कार्ड होऊन बसतो, आणि तो वेगळाच मार्ग आहे. दिवसभर चार्जिंगसाठी फोन कॉम्प्युटरलाच का लावायचा, हाही प्रश्न आहे. भिंतीवर एक जादा पॉइंट काढून द्या. निम्मी कटकट तिथेच मिटते.

७. ऑफिसचे दोनच पेनड्राइव्ह चालावेत, बाकी एकही नाही. जमेल?

जमतं, पण शांत डोक्याने करायचं काम आहे. कापसाचा सीझन ऐन भरात असताना करू नका.

ग्रुप पॉलिसीत सिस्टिमखाली ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन’ आणि त्यात ‘रिस्ट्रिक्शन्स’ आहेत. बहुतेक लोक तिथली पहिलीच भारी ओळ चालू करतात, की यादीत नसलेली कोणतीच वस्तू बसू देऊ नका. चाळीसगावच्या एका व्यापाऱ्याकडे कोणीतरी हेच करून गेलं होतं. चार महिन्यांनी माउस खराब झाला. नवा माउस आणला, तो लागेना. दुसरा आणला, तोही लागेना. दुकानदाराशी भांडण झालं बिचाऱ्याचं. माउसचा काय दोष? तो यादीत नव्हता.

मी उलट्या बाजूने जातो. ‘डिस्क ड्राइव्ह’ या वर्गाच्या ड्रायव्हरला मनाई करतो आणि ऑफिसचे दोन पेनड्राइव्ह नावानिशी परवानगीच्या यादीत घालतो. एरवी मनाई आणि परवानगी भांडल्या तर मनाई जिंकते. म्हणून त्याच पानावरची ‘लेयर्ड ऑर्डर’वाली ओळ आधी चालू करावी लागते, अद्ययावत विंडोज १० आणि ११ मध्ये ती आहे. ती चालू झाली की एकेका वस्तूचा नियम वर्गाच्या नियमाला मागे टाकतो.

नाव कुठून आणायचं? डिव्हाइस मॅनेजर उघडा, वस्तूवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी, म्हणजे प्रश्न १ मधले कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक, दिसतील. मात्र हे क्रमांक मॉडेलचे असतात. तुमच्या क्लार्कने गोलाणी मार्केटमधून अगदी तसाच पेनड्राइव्ह आणला तर तोही आत येईल. तो एकच नग हवा असेल तर ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’ घ्या. त्यात त्या नगाचा सिरीयल नंबर असतो. शिवाय एकच पेनड्राइव्ह विंडोजला दोन-तीन वस्तूंसारखा दिसतो: बाहेरचं यूएसबी स्टोरेज, आतली डिस्क, तिच्यावरचा व्हॉल्यूम. ज्या पातळीवर मनाई लावली, त्याच पातळीचं नाव यादीत द्यायचं. वर्ग डिस्कचा अडवला असेल तर नाव डिस्कचंच.

‘अ‍ॅडमिनला नियम ओलांडू द्या’ ही ओळ चालू ठेवा. पुढे कधीतरी ती तुमचाच जीव वाचवेल.

८. नियम लावला, पण पूर्वी लावलेला जुना पेनड्राइव्ह चालतोच.

हे नियम ‘बसवण्या’वर आहेत, आणि तो आधीच बसलेला आहे. मनाईच्या नियमाखाली ‘आधी बसलेल्या जुळणाऱ्या वस्तूंनाही लागू करा’ अशी चौकट असते, तिच्यावर टिक करा. टिक करण्याआधी अशी खात्री करा, की मशीनची स्वतःची हार्ड डिस्क त्याच वर्गात येत नाही. डिस्क ड्राइव्हच्या वर्गात ती येते! म्हणून प्रश्न ७ ची पद्धत वापरली असेल तर ही टिक करूच नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून जुन्या पेनड्राइव्हच्या फिकट नोंदी एकेक करून काढून टाका.

९. परवानगीचा पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात चालतो, पुढच्यात नाही.

काही स्वस्त पेनड्राइव्हना सिरीयल नंबरच नसतो. मग विंडोज पोर्टाच्या जागेवरून त्याला एक बनावट ओळख देतं, आणि पोर्ट बदललं की ओळख बदलते. इन्स्टन्स पाथच्या शेवटच्या तुकड्यात दुसरंच अक्षर ‘अँड’चं चिन्ह असेल तर तुमचा पेनड्राइव्ह त्या जातकुळीतला समजा. तो बदला. यादीत घालायचा पेनड्राइव्ह बऱ्या कंपनीचा असू द्या, शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

१०. सेवा केंद्राचं अंगठ्याचं मशीन पेनड्राइव्ह बंद केल्यावर चालेल का?

चालेल. ते पेनड्राइव्हच्या वर्गात नाही आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो. तरी आधार पडताळणी अडली तर पहिल्यांदा आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठ्याचं मशीन आधारशी जोडणारा प्रोग्राम, चालू आहे का ते बघा. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत ती थांबलेली असते आणि शिव्या पोर्टाला पडतात. वीज जाऊन आली की असं हमखास होतं.

११. डिजिटल सहीचं टोकन लावलं की पूर्वी एक सीडी ड्राइव्ह दिसायची. आता दिसत नाही, टोकन मेलं का?

टोकन धडधाकट आहे. बरीच टोकनं दोन सोंगं घेऊन येतात: एक स्मार्टकार्डाचं, ज्यात सही असते, आणि दुसरं सीडीचं, ज्यात स्वतःचा ड्रायव्हर असतो. यूएसबीस्टॉर ४ केलं की सीडीचं सोंग गळून पडतं. ड्रायव्हर आधीच बसलेला असेल तर सही होते, काही अडत नाही. नवीन मशीन असेल तर आधी ड्रायव्हर बसवा, मग पेनड्राइव्ह बंद करा. क्रम उलटा झाला आणि जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख असली की ऑफिसात जे वातावरण होतं ते मी पाहिलं आहे. इंटरनेटचे जुने डोंगलही असंच सीडीचं सोंग आधी दाखवतात.

१२. भुईकाट्याचं वजन कॉम्प्युटरवर येत नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणतो यूएसबीची परवानगी नाही.

कापसाच्या सीझनमध्ये सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते आणि आत स्क्रीनवर शून्य.

काट्याचा इंडिकेटर वजन पाठवतो ते जुन्या सिरीयल पद्धतीने, आणि मधे यूएसबी कन्व्हर्टरची वायर असते. विंडोजवर त्या वायरीचा कॉम पोर्ट बनतो. परवानगीचा प्रश्न इथे क्वचितच असतो. आधी या तीन गोष्टी बघा.

पहिली, पोर्टाचा नंबर. वायर दुसऱ्या भोकात लावली की कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि सॉफ्टवेअर ३ वरच डोळे लावून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमधून नंबर बदलता येतो. माझा उपाय सोपा: योग्य भोकाभोवती नेलपॉलिशने खूण करायची.

दुसरी, एकावेळी एकच. कॉम पोर्ट एका प्रोग्रामने धरला की दुसऱ्याला ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ मिळतो. शब्द परवानगीचे आहेत, पण भानगड वेगळी आहे. मागे कुठेतरी तेच सॉफ्टवेअर दोनदा उघडलेलं असतं. टास्क मॅनेजरमधून एक बंद करा.

तिसरी, वायरीतली चिप. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल२३०३ चिप आणि त्यांच्या नकला नवीन ड्रायव्हर स्वीकारत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो, आणि कधी ही चिप २०१२ पासून बंद झाल्याचा सरळ संदेशच दिसतो. कोणतीही सेटिंग याला उपयोगी नाही. वायर बदला.

तिन्ही ठीक असूनही वजन येत नसेल तर मग प्रश्न ७ सारखा एखादा नियम कोणी लावून गेलंय का ते शोधा.

१३. काट्याच्या मशीनवर लिनक्स आहे. ‘परमिशन डिनाइड’ येतं.

इथे मात्र तो खरोखर परवानगीचाच प्रश्न आहे. उबुंटू आणि डेबियनवर ही वायर ‘टीटीवाययूएसबी०’ नावाने दिसते, आणि ती फक्त रूटला, म्हणजे लिनक्सच्या मुख्य अ‍ॅडमिनला, आणि ‘डायलआउट’ या गटाला उघडी असते. नाव टेलिफोन मोडेमच्या काळातलं, पण चालू आहे. तुमचा युजर त्या गटात घाला: सुडो यूजरमॉड, मग वजाचिन्हाला जोडून लहान ए आणि मोठा जी, मग डायलआउट, शेवटी युजरचं नाव.

तो लहान ए विसरू नका. विसरलात तर युजर डायलआउटमध्ये जातो खरा, पण बाकीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकला जातो, अ‍ॅडमिनची कामं करू देणाऱ्या सुडोच्या गटातूनही. मग दुरुस्त करायला सुडोच उरत नाही. अमळनेरला हा पराक्रम मी स्वतः केला आहे. रिकव्हरी मोडमधून सावरेपर्यंत मालकाने भरीत-पुरी खाऊ घातली, तीही घशाखाली उतरेना.

गट बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायलाच हवं. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. आर्च लिनक्स असेल तर गटाचं नाव ‘यूयूसीपी’.

१४. गट दिला, तरी वायर लावली की क्षणभर दिसते आणि गायब होते.

उबुंटू २२.०४ आणि सीएच३४० चिप, हो ना? ‘एलएसयूएसबी’ चालवा, १ए८६:७५२३ दिसलं तर तेच. अंधांसाठी ब्रेल पट्टी चालवणारा ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्राम आहे. काही ब्रेल पट्ट्यांमध्येही हाच क्रमांक असलेली चिप असते, म्हणून तो तुमची वायर ब्रेल पट्टी समजून उचलून नेतो. त्या मशीनवर कोणी ब्रेल पट्टी वापरत नसेल तर तो प्रोग्राम काढून टाका. वापरत असेल तर काढू नका; त्याच्या यूडेव्ह नियमातली (वस्तू लावली की काय करायचं हे लिनक्सला सांगणारी फाइल) फक्त या क्रमांकाची ओळ बंद करा.

१५. यूडेव्ह नियम कसा लिहायचा? दोन काटे आहेत, नावं अदलाबदल होतात.

ईटीसीमधल्या यूडेव्हच्या ‘रूल्स डॉट डी’ फोल्डरमध्ये ‘रूल्स’ने संपणारी फाइल बनवा. नियम एका ओळीत असतो. आधी अटी: सबसिस्टिम टीटीवाय, कंपनीचा क्रमांक १ए८६, मॉडेलचा क्रमांक ७५२३. मग कामं: गट डायलआउट, मोड ०६६०, आणि ‘काटा१’ नावाचा दुवा. अटीसाठी बरोबरचं चिन्ह दोनदा, कामासाठी एकदा, दुव्यासाठी अधिक-बरोबर. इथे एक चिन्ह कमी पडलं की नियम मुकाट्याने चुकतो. क्रमांकातली इंग्रजी अक्षरंही लहान लिपीतच हवीत. मोठ्या लिपीतली जुळत नाहीत.

दोन्ही वायरी सारख्या चिपच्या असतील तर या क्रमांकाने फरक करता येत नाही, कारण सीएच३४० ला सहसा सिरीयल नंबर नसतो. मग अटीत पोर्टाची जागा घालायची, आणि पुन्हा नेलपॉलिश.

नियम लागू करायला ‘यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल’ला रीलोड सांगा आणि वायर काढून लावा. गटाऐवजी ‘यूअ‍ॅक्सेस’ची खूण वापरणार असाल तर फाइलच्या नावातला आकडा ७३ पेक्षा लहान ठेवा. ९९ दिलात तर खूण लागते, पण तोवर वाटप होऊन गेलेलं असतं. ही खूण समोर बसलेल्या माणसालाच परवानगी देते. दुरून एसएसएचने आलेल्याला नाही.

१६. त्यापेक्षा मोड ०६६६ दिला तर? लगेच चालतं.

चालतं. घराचं कुलूप काढून टाकलं तरी दार उघडतंच की. त्या मशीनवरचा कोणताही प्रोग्राम, कोणताही युजर मग काट्याच्या वायरीवर लिहू शकतो. वजनावर पैसे ठरतात तिथे असं करू नका. प्रश्न १३ ची एक ओळ पुरेशी आहे.

१७. लिनक्सवर पेनड्राइव्हवरच्या फायलींना सीएचमॉड (परवानगी बदलायची आज्ञा) केलं, काहीच बदललं नाही.

फॅट३२ आणि एक्सफॅट या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये मालक-परवानगी साठवायची जागाच नाही. कोणाला काय दिसेल ते माउंट करतानाच, म्हणजे पेनड्राइव्ह सिस्टिमला जोडतानाच, ठरतं. ईएक्सटी४ पेनड्राइव्हवर परवानग्या टिकतात, पण नावाने नव्हे, क्रमांकाने. एका मशीनवरचा युजर १००० दुसऱ्या मशीनवर भलताच माणूस असू शकतो.

विंडोजमध्ये एनटीएफएस पेनड्राइव्हचंही असंच. जुन्या मशीनवर लावलेल्या परवानग्या नव्या मशीनला ओळखू येत नाहीत आणि फोल्डर उघडत नाही. अ‍ॅडमिन होऊन सिक्युरिटीच्या पानावरून मालकी घ्या.

१८. ‘डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’. आम्ही तर काही लावलं नाही.

कार्डाच्या अडॅप्टरवर बाजूला बारीक खटका असतो, तो बघा. मग प्रश्न ५ मधली १ ही किंमत कोणी ठेवून गेलंय का ते बघा. मग ‘डिस्कपार्ट’मध्ये नीट ती डिस्क निवडून तिचा ‘रीडओन्ली’ गुण काढा. तरीही तेच येत असेल तर पेनड्राइव्हचं आयुष्य संपलेलं असू शकतं. फ्लॅश झिजली की काही चिप स्वतःच लिहिणं बंद करतात. आतलं वाचता येतंय तोवर कॉपी करून घ्या.

१९. यूएसबीस्टॉर ४ आहे, पेनड्राइव्ह बंद आहे, पण बाहेरची एसएसडी चालते!

बऱ्याच यूएसबी ३ एसएसडी आणि त्यांचे डबे यूएएस नावाच्या वेगवान पद्धतीने बोलतात. त्यांचा ड्रायव्हर वेगळा आहे, यूएएसपीस्टॉर. त्याच सर्व्हिसेसच्या फांदीत त्याचीही स्टार्ट किंमत बदला, नाहीतर प्रश्न ४ ची पद्धत घ्या. हे न तपासता ‘पोर्ट सुरक्षित’ असं लिहून देणारे मी पाहिले आहेत.

२०. विंडोजमध्ये सगळं लावलं. आता कोणी काही करू शकणार नाही ना?

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं तर विंडोजचे सगळे नियम झोपलेले असतात आणि हार्ड डिस्क उघडी. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, यूएसबीवरून बूट बंद करा, बायोसला पासवर्ड द्या आणि डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू करा. रिकव्हरी की कागदावर छापून कपाटात ठेवा, त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर नको. काही ऑफिस-मॉडेलांच्या बायोसमध्ये एकेक पोर्ट बंद करायचीही सोय असते.

२१. कीबोर्ड असल्याचं ढोंग करणारा पेनड्राइव्ह असतो, हे खरं का?

खरं आहे. २०१४ साली ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी हे दाखवलं, आणि ‘बॅडयूएसबी’ हे नाव तिथून रूढ झालं. आतल्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यातलाच प्रोग्राम, बदलायचं, की तो वर्ग ०८ ऐवजी ०३ सांगतो आणि स्वतःच भराभर टाइप करायला लागतो. अँटिव्हायरस आतल्या फायली तपासतो, त्यामुळे त्याला यात काही वावगं दिसत नाही. पेनड्राइव्हची मनाईही इथे लागू पडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो कीबोर्ड आहे. पार्किंगमध्ये सापडलेला पेनड्राइव्ह ‘बघू काय आहे’ म्हणून लावू नका. लिनक्सवर याला चांगला उपाय प्रश्न २२ मध्ये आहे.

२२. यूएसबीगार्ड बसवलं आणि कीबोर्ड-माउस दोन्ही गेले. आता?

यूएसबीगार्ड यादीत नसलेलं सगळं अडवतो, आणि तुमची यादी रिकामी होती. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरा, किंवा पीएस२चा जुना कीबोर्ड असेल तर तो लावा आणि सेवा थांबवा. मग कीबोर्ड, माउस, काटा, प्रिंटर सगळं लावलेलं असताना ‘यूएसबीगार्ड जनरेट-पॉलिसी’ चालवून निघालेली यादी रूल्सच्या फाइलमध्ये भरा, आणि मगच सेवा चालू करा.

२३. कोणी पेनड्राइव्ह लावून माहिती नेली, हे नंतर कळतं का?

लावला होता हे बऱ्याचदा कळतं. विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह’ या लॉगमध्ये कोणती वस्तू पहिल्यांदा कधी बसली ते असतं, आणि रजिस्ट्रीच्या ईनम फांदीत मॉडेल व सिरीयल नंबर. कोणती फाइल नेली हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी आधीच ‘ऑडिट रिमूव्हेबल स्टोरेज’ चालू केलेलं हवं. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६६३ क्रमांकाच्या नोंदी येतात.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती कॉपी करणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि त्या कलमात काढता-घालता येणाऱ्या साठवणीच्या साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार करायची असेल तर त्या मशीनवर आणखी काही करून पुरावा बिघडवू नका. मलाही बोलावू नका, आधी पोलिसांकडे जा.

२४. एवढं सगळं करण्यापेक्षा पोर्टात एम-सील भरली तर?

एकांनी भरली होती. पुढचे दोन आणि मागचे चार, सगळे. महिनाभराने प्रिंटरची वायर सैल झाली म्हणून मला बोलावलं. वायर तर आता निघणारच नव्हती. भरायचीच असेल तर प्लॅस्टिकची पोर्ट-कुलुपं मिळतात, किल्लीने निघतात. ती घ्या, आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा.